‘हाव’ म्हणजे होकार नव्हे

यवतमाळ जिल्ह्यात बचत गटांचं काम पाहणाऱ्या एका सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंचा प्रश्न आहे: “प्रशिक्षणात सक्रिय श्रवण शिकवलं. डोळ्यांत पाहा, मान हलवा, समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगा. मी सगळं करते. बाया ‘हाव हाव’ म्हणतात आणि पुढच्या बैठकीला गाडी तिथंच असते. ऐकण्यानं खरंच काही होतं का? होत असेल तर ते शिकायचं कसं?”

ताई, आधी त्या ‘हाव’चं पाहू. आपल्या वऱ्हाडीत ‘हाव’ म्हणजे ‘हो’ खरं, पण तो पुष्कळदा होकार नसतोच, हुंकार असतो. रात्री गोष्ट सांगणाऱ्या आजीला पोरं ‘हूं’ देतात ना, तसा. तुमचं बोलणं कानावर येतंय, चालू द्या, एवढाच त्याचा अर्थ. त्या ओसरीवर हुंकार ती बाई देत असेल, तर गोष्ट कोण सांगतंय? तुम्ही. ऐकायला गेलेल्या माणसाला पाच मिनिटांत दहा ‘हाव’ मिळाले, तर त्यानं ऐकलं नाही, भाषण केलं.

‘सक्रिय श्रवण’ हा शब्द कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये रूढ केला. त्यात मान हलवणं मुख्य नव्हतं. बोलणाऱ्याच्या जागेवरून ती गोष्ट कशी दिसते हे समजून घ्यायचं, आणि आपल्याला जे समजलं ते त्याच्यापुढं ठेवून त्याच्याकडून तपासून घ्यायचं, हे मुख्य होतं. म्हणजे कळलं की नाही हे ठरवणारा बोलणारा, तुम्ही नाही. डोळे आणि मान शिकवायला सोपे, म्हणून प्रशिक्षणात तेवढेच उरले. तपासून घेणं अवघड, ते गळालं.

आता ऐकण्यानं होतं काय. गडचिरोली जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणं होतं, तोंड होतं, विचारून ऐकून घेणारं कोणी नव्हतं. त्याच जिल्ह्यात ‘सर्च’ या बंग दांपत्याच्या संस्थेचा दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं गेलं, तुम्हाला दवाखान्याची भीती कशाची वाटते? उत्तरं औषधांबद्दल नव्हती. मोठी इमारत, पांढरे कपडे, नातेवाइकांना आत राहता येत नाही, अशी होती. म्हणून संस्थेच्या शोधग्राम या परिसरात झोपड्यांसारखा, रुग्णासोबत घरच्यांना राहता येईल असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. न विचारता बांधला असता तर चांगला पक्का बांधला गेला असता, आणि रिकामा राहिला असता.

“वेळ कुठं आहे एवढा?” हा पुढचा प्रश्न येतोच. १९८४ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीतली संभाषणं मोजली गेली. रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत होते. पुढं स्वित्झर्लंडमध्ये २००२ च्या एका अभ्यासात डॉक्टरांना सांगितलं, रुग्ण थांबेपर्यंत तोडू नका. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले आणि आपसूक थांबले. दीड मिनिट! गावात माणूस थोडा लांबण लावतो, पाऊस-पाण्यापासून सुरुवात करतो. तरी पहिली दोन-तीन मिनिटं तुम्ही एकही प्रश्न न विचारता काढली, तर पुढच्या दोन फेऱ्या वाचतात. न ऐकण्यात जाणारा वेळ कोणी डायरीत लिहीत नाही, एवढंच.

जागा आणि वेळ

डोळ्यांत पाहा, हा सल्ला ओसरीवर सासरा बसलेला असताना सुनेला लावू नका. ती खाली पाहूनच बोलेल, आणि ते अगदी ठीक आहे. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसा, एकाच दिशेला तोंड करून. ती खाली बसली असेल तर तुम्ही खाटेवर बसू नका. घरच्यांनी कौतुकानं खुर्ची आणून ठेवली तरी, “खालीच बरं वाटते,” म्हणा.

चहाचा एक पेच असतो. चहा ठेवायला सांगितला की जिला ऐकायला आलात तीच चुलीपाशी जाते आणि ओसरीवर पुरुष बोलू लागतात. तुम्ही पण चुलीपाशी जा. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो: भाजी निवडताना, तुरीची डाळ पाखडताना. वेचणीच्या दिवसांत वावरात गेलात तर मात्र एक ध्यानात ठेवा. कापूस वेचायची मजुरी किलोवर मिळते. बाईला धुऱ्यावर बोलावून उभं केलं की तिचे पैसे बुडतात, आणि पैसे बुडत असताना कोणी मनातलं सांगत नाही. तिच्या शेजारच्या तासाला लागा, वेचत वेचत ऐका, तुमचा कापूस तिच्या ओटीत टाका.

मे महिन्यात दुपारी दारं लावून पडलेल्या घरांची कडी वाजवू नका. सकाळी आठच्या आत, किंवा दिवेलागणीनंतर जेवणं आटोपल्यावर. माणसांचंही एक सांगतो: खर्रा तोंडात असलेला माणूस गप्प असतो तो विचारात असतो म्हणून नव्हे. त्याला थुंकून येऊ द्या, मग विचारा.

रजिस्टर आणि मोबाइल दोन्ही पिशवीत. मोबाइल नुसता पालथा घालणं पुरत नाही; तो थरथरला की दोघांचंही लक्ष तिकडं जातं. रजिस्टर उघडं दिसलं की समोरचा योजनेचं बोलतो. कोणतं उत्तर दिलं म्हणजे यादीत नाव लागेल, हे आपल्या गावांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगून टाका: “आज काही भरून घ्यायचं नाही, सहीही नाही.” लिहायचं ते बाहेर पडल्यावर.

हुंकार, थांबणं, परत ठेवणं

काम तीनच आहेत, पण क्रम चुकला की बिघडतं.

हुंकार छोटा ठेवा. ‘हं’, ‘मग?’, नाहीतर तिचाच शेवटचा शब्द. तुमचं ‘बरोबर आहे’, ‘अरे वा’, ‘अरेरे’ नको. कारण कशाला दाद मिळते हे पाहून माणूस पुढचं बोलणं त्या बाजूला वळवतो.

मग थांबणं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शाळांमध्ये मोजलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी पोरं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे सावकाश एक श्वास आत आणि एक बाहेर. करून पाहा, फार लांब वाटतात. जीभ वळवळते.

कुठं थांबायचं याच्या खुणा आपल्या भाषेतच आहेत. ‘जाऊ द्या’, ‘ते तं राहूच द्या’, ‘आता काय सांगू’, ‘चालते असंच’. तिथं दार असतं, आणि ते नेमकं अर्धं लोटलेलं असतं. बहुतेक कार्यकर्ते या शब्दांवर सुटकेचा श्वास टाकून पुढच्या मुद्द्याला जातात. दुसरी खूण म्हणजे तिसऱ्याचं नाव: “आमच्या गल्लीत एक जण आहे, त्याचं असं झालं.” तो एक जण कोण, हे विचारू नका. “मग त्यानं काय केलं?” एवढंच विचारा.

तिसरं काम, समजलेलं परत ठेवणं. तुमच्या बैठका इथंच अडत असणार. “म्हणजे तुमचं म्हणणं असं, बरोबर ना?” असं विचारलं की उत्तर ‘हाव’ येणारच. शिकलेल्या पाहुणीला ‘नाई’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘हाव’ होऊ शकतं त्यानं काहीच तपासलं जात नाही. त्याऐवजी विचारा: “मला एवढं समजलं. यात काय राहिलं?” किंवा “यात माझं कुठं चुकलं?” चूक काढायची परवानगी तुम्हीच दिली की ती काढणं उद्धटपणा उरत नाही.

समजा एका सदस्याचे दोन हप्ते थकले आहेत. नेहमीची पद्धत अशी:

“वहिनी, दोन महिने झाले, हप्ता नाही.”
“हाव ना ताई, देतो ना.”
“कधी? गटाचं नाव खराब होते.”
“या आठवड्यात देतो.”

संपलं. आता दुसऱ्या पद्धतीनं:

“हप्त्याचं कसं काय आहे वहिनी?”
“देतो ना. सोयाबीनचे पैसे आले का देतो.”
“सोयाबीनचे पैसे…”
“आले तसे आले म्हना. पन ते काई माह्या हाती नसते.”
“तुमच्या हाती नसते.”
“यायच्याजवळ असते. अन् यायचं आता… जाऊ द्या.”

इथं श्वास मोजा. “दारू पितात का?” हे तोंडातून निसटलं तर सगळं गेलं, तुमचा अंदाज खरा असला तरी. ती गप्प राहिली तर: “मला एवढं समजलं, सोयाबीनचे पैसे घरात आले, पण तुमच्या हातात नाहीत. अन् भाऊजींचं काहीतरी आहे, ते आज बोलावं वाटत नाही. यात माझं काय चुकलं?”

“तसं नाई ताई. पैसे कुठं आले? व्यापाऱ्यानं नुसती चिठ्ठी देली. म्हनून तं हे दोन दिवसापासून बोलून नाई राहिले कोनासंगं.”

पाहा, प्रश्नच बदलला. नवरा पैसे दाबून बसलाय असं तुम्ही धरून चालला होतात. इथं व्यापाऱ्याकडं पैसे अडकलेत आणि घरातला माणूस बोलायचा थांबलाय. हप्त्याला मुदत मागणं, चिठ्ठीवरची तारीख पाहणं, त्या माणसाशी कोण बोलू शकेल हे ठरवणं, ही सगळी कामं त्या एका ‘तसं नाई’मधून निघाली.

परत सांगताना तिचे शब्द बदलू नका. ‘जिवाले घोर लागला’ याचं ‘तुम्ही चिंतेत आहात’ केलंत की तिला वाटतं, आपण काहीतरी साधंच बोललो. आणि तुमची बोली पुण्याकडची असेल तर उसनी वऱ्हाडीही काढू नका, लोक ओळखतात आणि हसतात. तुमचं वाक्य तुमच्या मराठीत, तिचा शब्द तिच्या मराठीत.

कुठं बिघडतं

सर्वांत जास्त बिघडतं ते ‘काहून’नं, म्हणजे ‘का’नं. ‘काहून नाई भरला?’ यात विचारणं कमी आणि जाब जास्त. कारण काढायचं असेल तर ‘कसं काय झालं?’, ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारा. कारण त्यातच येतं.

सल्ला दुसरा. तुम्हाला योजना माहीत असतात, म्हणून ओठांवर येतात. निदान ‘यात काय राहिलं?’ हे एकदा विचारून होईपर्यंत त्या गिळा. नंतर द्यायचा झाला तर आधी विचारून द्या: “यावर एक माहिती आहे, सांगू का?” मात्र कोणी सरळ माहिती मागितली, कर्जाची कागदपत्रं कोणती ते विचारलं, तर तिथं ऐकण्याचे प्रयोग करू नका. सांगा आणि मोकळे व्हा.

‘माझ्या बहिणीचं पण असंच झालं’ हे आपुलकीनं म्हटलं जातं, पण गोष्ट तुमच्या बहिणीची होऊन जाते. ‘होते सगळं बरं’ हे तर दार लावणंच. तपशील दुरुस्त करणंही टाळा. सहा पोते झाले की साडेपाच, हे तिला बोलू दिल्यावर पाहता येईल. पोपटासारखं प्रत्येक वाक्य परत म्हणणं हा नव्या माणसाचा दोष; पंधरा-वीस मिनिटांच्या बोलण्यात दोन-तीनदा परत ठेवलं तरी पुष्कळ.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात वऱ्हाडीतून प्रश्न विचारत आणि लोकांच्या तोंडून उत्तर घेत पुढं जात. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यकर्त्यांच्या डोक्यात तोच नमुना बसलेला असतो. पण बाबांना उत्तर ठाऊक असे, ते लोकांकडून वदवून घेणं हेच काम होतं. तुम्हाला उत्तर ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं विचारलंत की समोरची बाई तुम्हाला हवं ते उत्तर शोधू लागते.

कोलामी, गोंडी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरात दुभाषी लागला, तर पाहा तुमच्या लक्षात येईल: बाई दोन मिनिटं बोलते आणि दुभाषी सांगतो, “ती म्हणते, त्रास आहे.” त्याला आधीच सांगून ठेवा, दोन-दोन वाक्यांवर थांबायचं आणि जसंच्या तसं सांगायचं, ‘ती म्हणते’ न लावता. तुम्ही पाहायचं बाईकडे, दुभाष्याकडे नाही. घरातल्या शाळकरी पोराला दुभाषी करू नका, विशेषतः आजारपण, मारहाण, कर्ज यांविषयी बोलणं असेल तेव्हा.

सराव

हे वाचून येत नाही, पोहण्यासारखं आहे. महिनाभराचा सराव पुरतो, रोज दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यात गावात काहीच बदलू नका. फक्त बैठकीनंतर वहीत लिहा: मी किती वेळा मध्ये तोडलं, आणि किती प्रश्नांचं उत्तर ‘हाव’ किंवा ‘नाई’ होऊ शकत होतं. आकडा पाहून वाईट वाटेल. वाटू द्या.

दुसऱ्या आठवड्यापासून एक जोडीदार घ्या, दुसऱ्या प्रभागातली सीआरपी किंवा आशाताई. तिनं दोन मिनिटं खरी अडचण सांगायची, तुम्ही फक्त हुंकार द्यायचा; मग एका मिनिटात तुम्हाला समजलेलं परत ठेवायचं; मग तिनं सांगायचं काय राहिलं, काय चुकलं. नंतर अदलाबदल. सगळं मिळून दहा मिनिटं. सुरुवातीला घटना बरोबर येतात आणि नेमकं ज्याचं तिला लागलेलं असतं तेच राहून जातं. तिसऱ्या आठवड्यात हाच खेळ तुम्हाला न पटणाऱ्या विषयावर खेळा. ती म्हणेल, “मुलीचं लग्न बारावीनंतर लगेच केलं पाहिजे,” आणि तुम्हाला वाद न घालता तिची बाजू तिला पटेल अशी मांडायची आहे. इथं खरी ओढाताण होते. समजणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हे अंगवळणी पडायला हाच व्यायाम. चौथ्या आठवड्यात गटात करा: सगळ्या एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही, आणि विरोध करायचा तर आधीचीचं म्हणणं तिच्या समाधानाइतकं मांडून मगच. ही अट रॉजर्सनीच सुचवली होती. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं निर्णय घेतात. तिथं एकाचाही विरोध मोजून बाजूला टाकता येत नाही, ऐकावाच लागतो. त्यामुळं बैठका लांबतात, हे खरं आहे. पण ठरलेलं परत परत ठरवावं लागत नाही.

रेकॉर्डिंग करून आपलं बोलणं तपासायची हौस असेल तर ते जोडीदाराबरोबरच. गावात नको.

जिथं नुसतं ऐकून भागत नाही

वर ज्याची बायको म्हणाली, ‘हे कोनासंगं बोलून नाई राहिले’, त्या माणसाचं पुढं काय? आपल्या भागात हे वाक्य ऐकून नुसतं वहीत लिहायचं नाही. ‘आता काई उरलं नाई’, ‘माह्या मांगं लेकरायले पाहान’ असं कोणाच्या तोंडून आलं तर सरळ विचारा: “जीव द्यायचा विचार मनात येते का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हाव’ आलं, तर तो हुंकार समजू नका. माणसाला एकटं सोडू नका, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा, फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि मोफत आहे. तिथूनच, त्याच्यासमोर फोन लावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जा. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन आधी कधीच देऊ नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

गावातलं माणूस हे काम करू शकतं का, अशी शंका येते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनीच पहिली मदत केली, आणि १८ महिन्यांत नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मात्र अशी जड बोलणी दिवसातून दोनच्या वर घेऊ नका. तिसऱ्या घरी तुमचे कान असतात, तुम्ही नसता.

वहीची पद्धत चालू ठेवा. प्रत्येक भेटीनंतर चार ओळी: तिचं एक वाक्य, तिच्याच शब्दांत, मी काय धरून चालले होते, तिनं काय दुरुस्त केलं, अर्धं काय राहिलं. पुढच्या भेटीची सुरुवात त्या चौथ्या ओळीपासून करा: “मागं तुम्ही ‘यायचं जाऊ द्या’ म्हणाल्या होत्या.” आणि महिन्याच्या शेवटी ‘हाव’ मोजू नका. ‘तसं नाई ताई’ किती वेळा आलं ते मोजा. पहिल्या आठवड्यात ते एखाद-दुसऱ्यांदा येईल. प्रत्येक घरात निदान एकदा येऊ लागलं, की बाया तुमच्याशी बोलायला लागल्या आहेत असं समजा, आणि मग हप्त्याचा विषय काढा.